सासऱ्यांचं डोकं, नग एक

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या बाहुल्या नाहीत.

बाहुलीला फ्रॉक असतो, आडवी केली की ती डोळे मिटते. माझ्याकडे आहेत ते सैनिक. बारा इंच उंच, खऱ्या माणसाच्या बरोबर एक षष्ठांश मापाचे, अंगात तीस सांधे असलेले आणि बुटांना खऱ्याखुऱ्या नाड्या असलेले एकतीस सैनिक. पॅसेजमधल्या काचेच्या कपाटात ते तीन रांगांत उभे असतात. दुकानातून आला तसा एकही मी ठेवलेला नाही. याचं धड, त्याचे हात, तिसऱ्याचा कोट, चेहऱ्याला नवा रंग, बुटांना चिखल (तोही रंगाचाच, खरा चिखल मापात बसत नाही) असं करत करत मी एकेक माणूस उभा करतो. या छंदाला जगात मोठा मान आहे. जगात म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या बाहेर. घरात बायको "तुमच्या त्या बाहुल्या" म्हणते, आणि केर काढायला येणाऱ्या बाई त्यांना "साहेबांच्या ठक्या" म्हणतात. मी वजनमापे कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. तराजूतली राईएवढी चूक मला दिसते. त्या माणसाच्या सैनिकांना ठक्या म्हणायचं म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तर, सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता. मेव्हण्याने त्यांच्यासाठी अंग रगडून देणारी विजेची खुर्ची ठरवली. बायको म्हणाली, "आपण काय द्यायचं? दादाच्या खुर्चीपुढे शोभेल असं काहीतरी हवं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बाबांनाच तयार करून देतो."

सासरे बावीस वर्षं सैन्यात होते. त्यांच्या दिवाणखान्यात एक काळापांढरा फोटो आहे. कडक गणवेश, खांद्याला रायफल, नाकाखाली भरघोस मिशी, आणि छायाचित्रकारालाही धाक वाटला असेल अशी नजर. लढाईचं विचारलं की ते खिडकीबाहेर बघत आणि "असतात काही गोष्टी," एवढंच म्हणत. या एका वाक्यावर सासरच्या मंडळींनी दोन लढाया, एक वेढा आणि पोहून पार केलेली एक नदी उभी केली होती. नदी मेव्हण्याने घातलेली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यात सासरे माझ्याशी एकूण अकराएक वाक्यं बोलले असतील, आणि त्यातली निम्मी "दार ओढून घ्या" अशी होती. ज्या माणसाने नदी पोहून पार केली, त्याने तराजूवर शिक्के मारणाऱ्या जावयाशी काय बोलावं? पण मी घडवलेला सैनिक त्यांच्यापुढे ठेवला तर? निदान बारावं वाक्य तरी बरं निघेल, अशी मला आशा होती.

धड सोपं होतं. एका छत्रीधारी सैनिकाला मी सेवानिवृत्त केलं. घोडं अडलं ते गणवेशाच्या कापडावर. वरच्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे एक निवृत्त मास्तर राहतात. ते जिन्यात थांबून म्हणाले, "माणूस एक षष्ठांश, तर धागाही एक षष्ठांश हवा. नाहीतर तुमचे सासरे गोणपाट नेसल्यासारखे दिसतील." हे बोलून ते निघून गेले. सल्ला देणारी माणसं नेहमी जिन्यातच भेटतात, म्हणजे त्यांना निघून जाता येतं.

एक षष्ठांश धाग्याचं कापड मी आठवडाभर शोधलं. ते सापडलं माझ्याच ऑफिसच्या पँटच्या खिशात. खिशात म्हणजे, खिसा हेच ते कापड. वर्षानुवर्षं किल्ल्या, रुमाल आणि हात यांनी झिजून झिजून ते अस्तर असं तलम झालं होतं की बघत राहावं. मी दोन्ही खिसे कापले. दुसऱ्या दिवशी त्याच पँटवर ऑफिसला गेलो, साहेबांच्या खोलीत बैठकीला बसलो आणि सवयीने किल्ल्या खिशात टाकल्या. थंडगार जुडगा मांडीवरून, गुडघ्यावरून सावकाश खाली उतरला आणि बुटाशी येऊन खणखणला. साहेब बोलायचे थांबले. मी जमिनीवरून किल्ल्या उचलून पुन्हा खिशात टाकल्या. यापुढचं सांगत नाही.

कापड पांढरं होतं, त्याला खाकी रंग हवा. चहात भिजवलं की तो झकास चढतो. मी विजार शिवली (बोटांना सुया टोचल्या त्या वेगळ्या) आणि कपभर कडक चहात बुडवून ओट्यावर ठेवली. त्याच वेळी आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले. बायकोने ओट्यावरचा तयार कप उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला. टाकीबद्दल बोलत बोलत ते तळाशी आले. मग त्यांनी चमच्याने एक वस्तू वर काढली. दोन पाय, मध्ये तीन बटणं, चहा निथळतोय.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्यांची," मी म्हणालो. खरं तेच बोललो होतो.

ते एकदम उठले. टाकीचा प्रश्न अजून तसाच आहे.

आता राहिलं डोकं. ते मी स्वतः घडवायचं ठरवलं. दोन रंगांचे गोळे एकत्र मळले की दगडासारखी घट्ट होणारी एक माती मिळते. पहिलं डोकं हुबेहूब सासूबाईंसारखं झालं. दुसरं आमच्या साहेबांसारखं. तिसरं पाहून सगळे म्हणाले, अगदी जिवंत वाटतंय, पण कुणासारखं ते कुणालाच सांगता येईना. शेवटी परदेशातल्या एका शिल्पकाराला पत्र धाडलं. फोटो पाठवले की हा गृहस्थ लिंबाएवढं डोकं करून पाठवतो. त्याने कळवलं: समोरून चालेल, पण दोन्ही बाजू, मागून आणि कान जवळून हवेत.

त्या रविवारी मी सासुरवाडीला गेलो आणि फोन कानाला लावल्याचं सोंग करत सासऱ्यांभोवती फिरायला लागलो. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "काय शोधताय?"

"रेंज," मी म्हणालो.

"माझ्या कानात?"

बारावं वाक्य हे असं वाया गेलं. संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन करून विचारलं, "तुझ्या नवऱ्याची तब्येत बरी आहे ना? माझ्या कानात वाकून बघत होता."

फोटो गेले. महिन्याभराने शिल्पकाराने कळवलं की डोकं निघालं, सोबत हातांच्या जोड्या आणि फोटोतल्यासारखी रायफलही पाठवतोय. मी हातावर हात ठेवून वाट बघत बसलो. आलं ते पार्सल नव्हे, आली नोटीस. मी ऑफिसात होतो, म्हणून पोस्टमनने ती सेक्रेटरींकडे दिली. ती उघडीच होती, असं सेक्रेटरींचं म्हणणं आहे.

"सीमाशुल्क कार्यालय. आपल्या नावे आलेले पार्सल अडवून ठेवण्यात आले आहे. मालाचा तपशील: सासरा, डोके – नग १. हात – जोड्या ३. रायफल – नग १. सात दिवसांत समक्ष येऊन खुलासा करावा."

शिल्पकार प्रामाणिक माणूस. जे होतं ते त्याने लिहिलं.

मी घरी पोहोचेपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मास्तर जिन्यात उभेच होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "कधी झालं हे?" सेक्रेटरी मात्र जवळ आले नाहीत. दुरूनच म्हणाले, "विजार पाहिली तेव्हाच मला शंका आली होती."

सीमाशुल्काच्या ऑफिसात मी रजा टाकून गेलो. एका लांबलचक टेबलामागे अधिकारी बसले होते. त्यांनी फाईल उघडली.

"डोकं कुणाचं?"

"सासऱ्यांचं."

"सासरे हयात आहेत?"

"आहेत ना."

"डोक्याशिवाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. एक षष्ठांश माप, तीस सांधे, पंचाहत्तरावा वाढदिवस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पाहा, आमच्याकडे तीन रकाने आहेत. शस्त्र असेल तर परवाना दाखवा. मानवी अवयव असतील तर आरोग्य खात्याचा दाखला आणा. खेळणं असेल तर खिडकी नंबर तीन."

"कलाकृती असा रकाना नाही?"

"आहे. पण त्यात बंदूक बसत नाही."

खिडकी नंबर तीनमागे एक बाई होत्या. मान वर न करता त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"मुलाचं वय?"

"एक्कावन्न."

"महिने?"

"वर्षं."

आता मान वर झाली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कुणी मूल लपलंय का ते पाहिलं. "लहान मुलाच्या तोंडात जाईल असा सुटा भाग आहे का?"

"डोकं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मात्र त्या माझ्याशी फार मायेने बोलल्या. आजारी माणसाशी बोलावं तशा. म्हणाल्या, "काका, वस्तू मुलासाठी नसेल तर तुम्ही स्वतःच्या वापरासाठी मागवली असं लिहून द्या. नमुना हा असा. 'मी सदर बाहुल्यांशी स्वतः खेळतो.' खाली सही. आणि सरकारी नोकर असाल तर खाली तुमच्या कार्यालयप्रमुखांची सही आणि शिक्का."

"'सैनिक' असं लिहिलं तर चालेल?"

"यादीत तसा शब्द नाही. बाहुली, बाहुला, भोवरा. यातलं निवडा."

बाहुला हा पर्याय मी क्षणभर तोलून पाहिला. त्याने काही फारसं सावरत नव्हतं.

साहेबांपुढे तो कागद ठेवताना माझी काय अवस्था झाली असेल, ते ज्याने सव्वीस वर्षं एकही मेमो न घेता नोकरी केली आहे त्यालाच कळेल. साहेबांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. आमचे साहेब मसुद्याच्या बाबतीत फार काटेकोर.

"'बाहुल्यांशी' की 'बाहुल्यांबरोबर'?" त्यांनी विचारलं.

"नमुन्यात 'शी' आहे, सर."

"हं. पण खेळता कधी? ते यात येत नाही. उद्या लेखापरीक्षणात कुणी विचारलं तर?" त्यांनी लाल पेनने वाक्यात भर घातली: "कार्यालयीन वेळ वगळून." मग बेल वाजवली. कागद टंकलेखनाला गेला, तिथून आवक-जावक विभागात गेला, त्याला क्रमांक पडला आणि विषय पडला: "वरिष्ठ लिपिक यांनी बाहुल्यांशी खेळण्याबाबत." प्रत माहितीसाठी सर्व शाखांना. चार वाजेपर्यंत सगळं ऑफिस माहीतगार झालं होतं. शिक्के विभागातल्या बाई तर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या जुन्या पडून आहेत, आणू का?"

पण कागदाने काम केलं. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर पार्सल फोडलं. आधी हात निघाले. मग कापसात गुंडाळलेलं डोकं. मी खरं सांगतो, ते सासरेच होते. तीच मिशी, तीच नजर, कानाची पाळीसुद्धा तीच. अधिकाऱ्यांनी रायफल चिमटीत धरली.

"गोळी सुटते?"

"नाही."

"मग ही बंदूक कसली?"

"तेच मी सांगतोय, साहेब."

त्यांनी खटका ओढून पाहिला. तो हलला, टक् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा ओढला. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. तो आला, त्याने ओढला. पाच मिनिटांत सीमाशुल्काचा अर्धा विभाग त्या टेबलाभोवती उभा होता आणि खिडकी नंबर तीनच्या बाई सासऱ्यांचं डोकं तळहातावर घेऊन म्हणत होत्या, "अगबाई, किती रागीट!" अधिकाऱ्यांनी शेरा मारला: "बाहुली, निरुपद्रवी, नग एक." मी सही करून निघालो.

वाढदिवसाला सगळे जमले. मेव्हण्याची खुर्ची दिवाणखान्याच्या मध्यभागी घुर्रघुर्र करत होती. सासरे तिच्यात तीन मिनिटं बसले आणि "बंद करा," म्हणून उठले. मग बायकोने मला कोपराने ढोसलं. मी काचेचं झाकण असलेली पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि वरचं कापड काढलं.

समोर ते उभे होते. तेवीस वर्षांचे, बारा इंचांचे, खांद्याला रायफल.

सासऱ्यांनी चष्मा बदलला. भिंग मागवलं. डोक्यापासून बुटांपर्यंत त्यांनी अशी तपासणी केली की मीच नकळत ताठ उभा राहिलो. मग म्हणाले, "ही बंदूक माझी नाही."

"बाबा, फोटोतलीच आहे," मी म्हणालो. "खटकासुद्धा तोच."

"फोटोतली बंदूक फोटोग्राफरची. सगळी पलटण तीच घेऊन उभी राहायची. मी पलटणीचा शिंपी होतो."

मेव्हण्याचा हात खुर्चीच्या बटणावर पडला आणि ती रिकामीच थरथरायला लागली.

"शिंपी?" बायको म्हणाली. "बावीस वर्षं? बाबा, मग ती लढाई? नदी?"

"कसली नदी? मला पोहता येत नाही." सासूबाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. त्यांना बहुतेक पहिल्यापासून ठाऊक असावं.

"पण तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?" सासरे म्हणाले. "सगळे लढाईचं विचारायचे. लढाईतलं मला काय ठाऊक? मी गप्प बसायचो. मी गप्प बसलो की तुम्हाला आणखी मोठी लढाई दिसायची. मग सांगायचं राहूनच गेलं." "पुढे जायचा हुकूम आला की आदल्या दिवशी पोरं माझ्या तंबूत यायची. कुणाचं बटण सैल, कुणाची विजार लांब. काही जणांचं तर सगळं ठीक असायचं, तरी यायची. बटण पक्कं असलं म्हणजे माणूस परत येतो, असं कुणीतरी पसरवलं होतं. मी दोन दोन वेळा दोरा फिरवायचो."

खुर्ची तेवढी घुरघुरत होती. मेव्हण्याने पुढे होऊन प्लग काढला.

सासरे पुन्हा भिंगातून बघत होते. "हा गणवेश शिवला कुणी?"

"मी," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान आला असावा.

"उसवा."

"काय?"

"कॉलर उलटी लावलीय. काजं कापलीत की उंदरानं कुरतडलीत? आणि बाही बघा. असा माणूस मी माझ्या तंबूबाहेर पडू दिला नसता. सुई आणा. बारीक. आणि ती बंदूक काढा आधी, चुकून टोचेल."

केक तसाच राहिला. सासरे जेवणाच्या टेबलाशी बसले आणि स्वतःचाच गणवेश स्वतःच्या अंगावरून उतरवून उसवायला लागले. सुईचं नेढं त्यांना दिसेना, म्हणून दोरा मी ओवला. पहिल्या फटक्यात नाही, चौथ्या. त्यांनी तेही मोजलं.

रायफलीच्या जागी गळ्यात मोजायची टेप आली. ती मी पांढऱ्या फितीवर सगळ्यात बारीक पेनने आखली, साठ खुणा. या बाबतीत वजनमापे खात्याकडे कुणी बोट दाखवू शकणार नाही. सासऱ्यांनी भिंगातून खुणा मोजल्या. त्यांनी चूक काढली नाही, यावरून मी काय समजायचं ते समजलो.

पण घरात आता एक नवीच पंचाईत होऊन बसली आहे. चाळीस वर्षं गप्प बसलेला माणूस बोलायला लागला आहे. पाहुणे आले की सासरे पेटी पुढे करतात आणि सुरुवात करतात. तिरकी शिवण, दुहेरी शिवण, पावसात आटणारं कापड, एका सुभेदाराची कंबर. दीड तास, मधे श्वास नाही. मेव्हणा परवा कानात म्हणाला, "भावजी, नदी बरी होती हो." पाहुणेही हल्ली उभ्या उभ्याच निघतात.

मी मात्र दर रविवारी जातो. परवा ते पलटणीतल्या एका लंगरवाल्याबद्दल, म्हणजे आचाऱ्याबद्दल, सांगत होते. गोरा, ठेंगणा, सदा हसणारा, आणि त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा दीड इंच लांब. दर वर्षी त्याची एक बाही वेगळी शिवायला लागायची, आणि ते गुपित त्या दोघांतच होतं. दीड इंच म्हणजे आमच्या मापात पाव इंच. कपाटातल्या कुणाकुणाचे दंड लांबवता येतील, ते मी मनात चाचपायला लागलो.

"बाबा," मी विचारलं, "उजवा की डावा?"

"डावा," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची उचलून माझ्याजवळ आणली.